पत्र पोहोचले, वाचले कोणी? : क्लाऊडवरील वेब ॲप्लिकेशन आणि ई-मेलचा व्यवहार

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासलेख द्यावा, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा आम्हा चौघांना विषय शोधावा लागला नाही. गेली काही वर्षे शाळेचे प्रवेश-नोंदणीचे व पालक-संपर्काचे वेब ॲप्लिकेशन आम्ही माजी विद्यार्थी सांभाळत आहोत. त्याचा एकही संगणक करमाडच्या आवारात नाही. मुंबईतील एका क्लाऊड केंद्रात भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ते चालते. पालकाने अर्ज भरला की त्याला पोच देणारे पत्र ई-मेलने जाते, प्रवेश निश्चित झाला की दुसरे जाते, वसतिगृहात मुलाला कोणत्या दिवशी आणावयाचे ते सांगणारे तिसरे जाते. हे सारे आम्ही उभे केले आणि पत्रे जाऊ लागली तेव्हा काम संपले, असे आम्हांस वाटले होते.

ते संपले नव्हते, हे एका जूनमध्ये कळले. पाचवीत नव्याने दाखल झालेल्या एका मुलीला वसतिगृहात रात्री फीट आली. गृहपालांनी प्रसंग सांभाळला, वाहन मिळाले, उपचार वेळेवर झाले आणि मुलगी दुसऱ्या दिवशी बरी झाली. परंतु तिला मिरगीचा त्रास असल्याचे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हते. वडिलांना दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, "सर, आम्ही तर मेलवर कळवलं होतं. डॉक्टरांची चिठ्ठीपण जोडली होती." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ते भोसरीला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते आणि मुलीला मामाने आणून सोडले होते. पाळीच्या वेळेत फोन वापरता येत नाही, म्हणून आमच्याकडून गेलेल्या प्रवेशपत्रालाच त्यांनी रात्री उत्तर लिहिले होते : रोजची रात्रीची गोळी चुकू देऊ नये. ते उत्तर ज्या पत्त्यावर गेले तो 'नो-रिप्लाय' या नावाचा होता. त्या पत्त्यामागे पेटीच नव्हती. अकरा वर्षांची मुलगी नव्या जागेत गोळी विसरली आणि तिला आठवण करून देणारे कोणी नव्हते.

चूक आमची होती. शाळेची नव्हती, गृहपालांची तर नव्हतीच. ती कशी घडली आणि कशी दुरुस्त केली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आपल्यापैकी अनेक जण आज संस्था, पतपेढ्या, बचतगट, विहारांच्या समित्या चालवितात. त्यांच्या संकेतस्थळांवरूनही अशीच पत्रे जात असतील.

प्रथम ई-मेलच्या स्वभावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एकाच खोलीतील दोन संगणकांमध्ये जाळ्याद्वारे पत्र पाठविले आणि व्यक्ती व संगणक यांच्या नावांमध्ये '@' हे चिन्ह घातले. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्र एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे सोपवावे याचा नियम लिहिला. त्याचे नाव एसएमटीपी. आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईची एनसीएसटी ही संस्था आणि आयआयटी यांसारख्या शिक्षणसंस्था अर्नेट या जाळ्याने जोडल्या जाऊ लागल्या. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. पोस्टेल यांच्या काळात जाळ्यावरची मंडळी थोडी आणि एकमेकांच्या परिचयाची होती. म्हणून पाठविणारा खरोखर तोच आहे काय, हे तपासण्याची कोणतीच तरतूद त्या नियमात नव्हती. आजही टपालाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच ते होते. ई-मेलच्या पाठवणीत आज जी गुंतागुंत आहे, तिचे मूळ बव्हंशी या एका मोकळिकीत आहे.

आता क्लाऊडकडे येऊ. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये महाराष्ट्रात आपली क्लाऊड केंद्रे उघडली, तेव्हापासून आपल्यासारख्या लहान संस्थांना देशातच सर्व्हर भाड्याने मिळू लागला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्यांना भाड्याचा गाळा म्हणजे काय ते सांगावयास नको. गाळा आपला नसतो. आज हा मिळतो, उद्या करार बदलला की पलीकडचा. पूर्वीच्या भाडेकरूने उधारी थकविली असेल तर त्याचे देणेकरी आपल्या दारात येऊन उभे राहतात. क्लाऊडवरील सर्व्हरच्या आयपी पत्त्याचे अगदी तसेच आहे. आपल्याला मिळालेल्या पत्त्यावरून सहा महिन्यांपूर्वी कोणी लॉटरीची खोटी पत्रे लाखांनी पाठविली असतील, तर तो पत्ता जगभरच्या काळ्या याद्यांत आधीच नोंदलेला असतो.

हे ठाऊक नसल्यामुळे आमचा पहिला प्रयत्न मोठा भाबडा होता. सर्व्हरवरच पत्र पाठविणारा प्रोग्राम बसविला आणि पत्रे सोडली. एकही गेले नाही. दोन रात्री आम्ही आपल्याच मांडणीत चुका शोधत बसलो. अखेर उलगडा झाला. यंत्रे आपसांत पत्रे सोपवितात ती पोर्ट २५ या दारातून, आणि बहुतेक मोठे क्लाऊड पुरवठादार भाड्याच्या सर्व्हरवरील हे बाहेर जाणारे दार मुळातच बंद ठेवतात. कारण उघड आहे. ते उघडे असते तर स्पॅम पाठविणाऱ्यांनी तासाभरासाठी सर्व्हर भाड्याने घेऊन सर्वांचेच नाव खराब केले असते. तेव्हा आम्ही चिडलो होतो, आज तो निर्बंध योग्य वाटतो.

यास्तव पत्र पाठविण्याचे काम त्यासाठीच असलेल्या सेवेकडे सोपवावे लागते. आपले ॲप्लिकेशन पोर्ट ५८७ वरून, पासवर्ड देऊन आणि मजकूर कूटबद्ध करून, पत्र त्या सेवेच्या हाती देते. पुढची वाहतूक ती करते. खर्च भिण्यासारखा नाही. ॲमेझॉनच्या या सेवेचा जाहीर दर हजार पत्रांना ०.१० डॉलर आहे. आपल्या शाळेच्या वर्षभराच्या पत्रांचा खर्च पूर्वीच्या एका रजिस्टर्ड टपालाएवढाही होत नाही.

पत्रे निघाली खरी, पण पालकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडू लागली. येथे पाठवणीचा दुसरा धडा आला. ई-मेललाही पाकीट आणि आतले पत्र असे दोन भाग असतात. पाकिटावर एक परतीचा पत्ता असतो, तो यंत्रे वाचतात. आतल्या पत्राच्या शिरोभागी प्रेषकाचे नाव असते, ते माणसाला दिसते. हे दोन्ही एकच असले पाहिजेत, असे मूळ नियमात कोठेही नव्हते. म्हणून पुढे तीन तपासण्या आल्या आणि त्या तिन्हींची मांडणी आपल्या डोमेनच्या नोंदींत करावी लागते. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने पत्र टाकण्याचा अधिकार अमुक यंत्रांनाच आहे' अशी जाहीर यादी. ती पाकिटावरचा पत्ता तपासते. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची मोहोर. मोहोर उमटविणारी गुप्त किल्ली पाठविणाऱ्या सेवेजवळ असते आणि ती पडताळण्याची जाहीर किल्ली डोमेनच्या नोंदीत असते, त्यामुळे वाटेत मजकूर बदलला तर मोहोर जुळत नाही. तिसरी डीमार्क. माणसाला दिसणारे नाव या दोहोंपैकी एकाशी तरी जुळते काय, हे ती पाहते आणि न जुळल्यास पत्राचे काय करावे ते सांगते : नुसती नोंद घ्यावी, स्पॅममध्ये टाकावे, की नाकारावे.

यांपैकी एकच करून भागत नाही, याचा अनुभव लगेच आला. आपले एक माजी विद्यार्थी आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या पत्त्यावरील सारी पत्रे जीमेलकडे वळती करून घेतात. वळविणारे यंत्र आमच्या एसपीएफच्या यादीत नाही, त्यामुळे ती तपासणी नापास. डीकेआयएमची मोहोर मात्र पत्राबरोबरच प्रवास करते, ती शाबूत राहिली आणि पत्र पोहोचले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी अनिवार्य केल्या आहेत. आपली संख्या त्याच्या जवळपासही नाही, पण तीच कसोटी लहानांनाही लावलेली बरी. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी डीमार्क प्रथम केवळ 'नोंद घ्यावी' या पायरीवर ठेवावे. एकदम 'नाकारावे' असे लिहिले आणि कार्यालयातील एखाद्या जुन्या व्यवस्थेचा विसर पडला, तर आपलीच पत्रे आपल्याच आदेशाने नाकारली जातात.

देवनागरीने आम्हांला स्वतंत्र शिकवणी दिली. काही पालकांना पत्राच्या विषयाच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि बरोबरीची चिन्हे यांची लांबच लांब माळ दिसत असे. १९८२ च्या नियमात केवळ १२८ चिन्हांची सोय होती आणि त्यांत आपल्या अक्षरांना जागा नव्हती. १९९२ मध्ये माईम हा नियम आला, तेव्हा अन्य लिपींतील मजकूर रोमन चिन्हांच्या वेषात पाठविण्याची रीत रुळली. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्या वेषांतरात तिनाचे चार होतात. 'करमाड' या शब्दात क, र, म, काना आणि ड अशी पाच चिन्हे आहेत. त्यांचे १५ बाइट होतात आणि प्रवासात त्यांची २० रोमन चिन्हे होतात. पलीकडच्या यंत्राने वेष उतरविला की पुन्हा 'करमाड' उमटते. आमच्या प्रोग्रामने वेष चढविला होता, पण विषयाची ओळ लांब झाली की तो एका चिन्हाच्या मधोमध ती तोडत असे. तीन बाइटांपैकी दोन या ओळीत आणि एक पुढच्या ओळीत! विषय आखूड केले आणि ओळ तोडण्याचे काम चांगल्या तयार लायब्ररीकडे दिले, तेव्हा ती माळ नाहीशी झाली. जोडपत्रांचेही याच कारणाने वजन वाढते. सहा एमबीचे छायाचित्र प्रवासात सुमारे आठ एमबीचे होते. जन्मदाखल्याचा फोटो काढून पाठविणाऱ्या पालकाचे पत्र का परत येते, याचे उत्तर कधीकधी एवढेच असते. अखिल देवनागरी पत्ताही आता शक्य आहे. तांत्रिक नियम २०१२ चा आहे आणि '.भारत' ही डोमेन २०१४ पासून मिळते. तथापि पालकांच्या फोनमधील सर्वच सेवा असा पत्ता स्वीकारीत नाहीत, म्हणून आम्ही तूर्त रोमन पत्ताच ठेवला आहे. मनाला ते रुचत नाही.

पाठवणीतील आणखी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. अर्ज भरल्याबरोबर त्याच क्षणी पत्र पाठवू नये. ते रांगेत ठेवावे आणि दुसऱ्या प्रोग्रामने सवडीने न्यावे. पूर्वी आमचे पान पत्र जाईपर्यंत गोल फिरत राही, नेटवर्क क्षीण असे, पालक पुन्हा बटन दाबत आणि एका मुलाचे तीन अर्ज होत. पलीकडचे यंत्र व्यग्र असेल तर ते चाराने सुरू होणारा आकडा पाठविते, म्हणजे 'नंतर या'. पाचाने सुरू होणारा आकडा आला तर कायमचा नकार, बहुधा 'असा पत्ता नाही'. पहिल्या बाबतीत चार-पाच दिवस पुनःपुन्हा प्रयत्न करण्याची रीत आहे. दुसऱ्या बाबतीत पुन्हा पाठवीत राहणे म्हणजे स्वतःची पत घालविणे. असा आकडा आला की आता आमच्या पडद्यावर त्या पालकाच्या नावापुढे दूरध्वनीची खूण उमटते आणि कार्यालयातून फोन जातो.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या भागाकडे, म्हणजे पत्र घेण्याकडे, येतो.

पाठविणारी सेवा घेतली म्हणजे येणारी पत्रे आपोआप मिळत नाहीत. ती दोन निराळी कामे आहेत, हेच आम्ही ध्यानात घेतले नव्हते. एखाद्या डोमेनची पत्रे कोणत्या यंत्राने स्वीकारावीत, हे डोमेनच्या एमएक्स नावाच्या नोंदीत लिहिलेले असते. आपल्या पिनकोडशी तिची तुलना करता येईल. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ मराठी अधिकाऱ्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेली ती पद्धत पत्र कोणत्या टपाल कार्यालयात न्यावयाचे एवढेच सांगते, घर शोधणे पुढचे काम. एमएक्सही तेवढेच सांगते. आमच्या 'नो-रिप्लाय'च्या उपडोमेनला ही नोंद होती, कारण सेवेने ती मांडावयास सांगितली होती. पत्रे स्वीकारली जात होती आणि पुढे घर नसल्यामुळे निमूटपणे टाकून दिली जात होती. म्हणूनच त्या वडिलांना 'पत्र पोहोचले नाही' असा उलट निरोपही गेला नाही. नाकारले असते तर त्यांनी फोन केला असता.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. एक सोपा : कार्यालयाच्या नेहमीच्या पेटीचा पत्ता उत्तरासाठी द्यावा आणि आमच्या प्रोग्रामने दर पाच मिनिटांनी ती पेटी उघडून पाहावी. दुसरा असा की येणारे पत्र सेवेनेच स्वीकारून, सुटे करून, आमच्या ॲप्लिकेशनच्या एका ठरलेल्या पत्त्यावर लगेच टाकावे. आम्ही दुसरा निवडला, कारण त्यात उत्तर थेट विद्यार्थ्याच्या नोंदीशी जोडता येते. कार्यालयाची पेटी मूळ डोमेनवर तशीच ठेवली आणि पालकांच्या उत्तरांसाठी वेगळे उपडोमेन घेतले, म्हणजे प्रयोग फसला तरी मुख्याध्यापकांचा पत्रव्यवहार अडणार नाही.

प्रत्येक जाणाऱ्या पत्राला आता स्वतःचा उत्तराचा पत्ता असतो आणि त्यात यदृच्छया तयार केलेली एक खूण असते. विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांकच तेथे घालावा, असे प्रथम सुचले होते. पण क्रमांकात एक मिळविला की शेजारच्या मुलाचा पत्ता तयार होतो आणि कोणीही कोणाच्या नावे काहीही कळवू शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. आमच्या नोंदींतील प्रत्येक ओळ बालकाचीच आहे. म्हणून यदृच्छ खूण आणि सेवेकडून आलेल्या प्रत्येक निरोपावरील स्वाक्षरीची पडताळणी, या दोन गोष्टींत आम्ही तडजोड केली नाही. अनेक पालकांना एकच पत्र त्यांचे सर्वांचे पत्ते दाखवून पाठविणेही त्याच दिवशी बंद केले. आता ज्याचे पत्र त्यालाच जाते.

आलेले पत्र प्रथम जसेच्या तसे साठवावे, 'मिळाले' असे सेवेला सांगावे आणि मगच वाचावयास घ्यावे, हा क्रम आम्ही ठेचाळून शिकलो. आधी वाचू लागलो, मोठ्या छायाचित्रापाशी प्रोग्राम अडला, सेवेला उत्तर गेले नाही, तिने पत्र पुन्हा टाकले, आणि एकच पत्र सात वेळा नोंदले गेले. प्रत्येक पत्रावर जो विशिष्ट ओळखक्रम असतो तो पाहून दुसरी प्रत आता बाजूला काढली जाते.

एक गंमतही येथे नमूद करणे उचित होईल. उत्तर आले की 'आपले पत्र मिळाले' अशी पोच आपोआप जाते. पुण्यात बँकेत असलेले एक पालक रजेवर गेले. त्यांच्या पेटीने आमच्या पत्राला 'मी रजेवर आहे' असे उत्तर दिले. आम्ही पोच दिली. पेटीने पोचेलाही रजा कळविली. सकाळी पाहिले तो दोन यंत्रे रात्रभर एकमेकांना अदबीने पत्रे लिहीत बसलेली! आपोआप लिहिलेल्या पत्राच्या शिरोभागी तशी खूण असते. ती दिसली तर पोच द्यावयाची नाही, हा नियम तेव्हा घातला.

सर्वांत अधिक वेळ गेला तो एका फसलेल्या कल्पनेवर. ज्या उत्तरात आजार, गोळी, औषध, ताप असे शब्द असतील ते प्रोग्रामने ओळखून तातडीचे म्हणून वर आणावे, असा आमचा विचार होता. प्रत्यक्षात पालक मराठी लिहितात ते बहुधा रोमन अक्षरांत. 'औषध' हाच शब्द आम्हांला पाच निरनिराळ्या लेखनांत सापडला. कोणी नुसताच चिठ्ठीचा फोटो पाठवितो, शब्द एकही नाही. एका आजोबांनी 'पोराला संभाळून घ्या' एवढेच लिहिले होते आणि चौकशी केल्यावर कळले की मुलाचे हृदयाचे शस्त्रकर्म झालेले आहे. कोणत्या यंत्राने ते वाक्य तातडीचे मानले असते? ती कल्पना आम्ही सोडून दिली. आता प्रत्येक उत्तर गृहपालांच्या पडद्यावर 'न वाचलेले' म्हणून दिसते, वाचून त्यांनी खूण केल्याशिवाय ते तेथून हलत नाही आणि बारा तासांत खूण झाली नाही तर आम्हा चौघांच्या फोनवर संदेश येतो. यात कौशल्य काही नाही. गृहपालांना रोज सायंकाळच्या हजेरीनंतर वीस मिनिटे बसावे लागते, आणि ही वीस मिनिटे त्यांच्या कामाच्या वेळेत धरावीत, ही आमची विनंती संस्थेने मान्य केली.

पत्रांच्या तळाशी पूर्वी 'या पत्त्यावर उत्तर पाठवू नये' असे बारीक अक्षरांत इंग्रजीत छापलेले असे. आम्ही ते तयार नमुन्यातून उचलले होते आणि कधी वाचलेही नव्हते. तेथे आता पत्राच्याच आकाराच्या अक्षरांत मराठीत लिहिलेले आहे : 'मुलाच्या प्रकृतीविषयी वा अन्य काही कळवावयाचे असल्यास या पत्रालाच उत्तर द्यावे. ते वसतिगृहाचे गृहपाल वाचतात. तातडीचे असल्यास खालील क्रमांकावर फोन करावा.'

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडण्याचे पत्र सर्वांना गेले. त्याला भोसरीहून उत्तर आले. मुलगी आता सातवीत आहे. डॉक्टरांनी रात्रीच्या गोळीची मात्रा बदलली असून सकाळची बंद केली आहे, सोबत नवी चिठ्ठी जोडली आहे, असे त्यात लिहिले होते. पत्र सायंकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी आले. गृहपालांनी वाचल्याची नोंद ७ वाजून ५ मिनिटांची आहे, आणि तिच्यापुढे त्यांनी स्वतः टंकलेले दोन शब्द आहेत : 'वहीत लिहिले.'